संपादकाची पत आणि साप्ताहिकाची मालकी : ‘डेर डॉइचे फोल्क्सविर्ट’, १९२६ ते १९३३

जर्मनीतले ‘विर्टशाफ्ट्सवोखे’ हे अर्थविषयक साप्ताहिक आपला जन्म १९२६ सालचा सांगते. त्या साली ते बर्लिनमध्ये ‘डेर डॉइचे फोल्क्सविर्ट’ या नावाने सुरू झाले. नावाचा सरळ अर्थ ‘जर्मन अर्थतज्ज्ञ’ असा होतो. त्याचे संस्थापक आणि संपादक गुस्ताव श्टोल्पर यांनी ते सात वर्षे चालवले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना ते विकावे लागले आणि देश सोडावा लागला. साप्ताहिक मात्र त्याच नावाने पुढे निघत राहिले. या प्रकरणाचा अभ्यास त्या विक्रीभोवती मांडला आहे. जिच्या बळावर अर्थविषयक नियतकालिक चालते ती पत नेमकी कोणाची असते, मालकाची, संपादकाची की मथळ्यावरच्या नावाची, हा प्रश्न एरवी पुस्तकी वाटतो. येथे तो एका खरेदीखतापर्यंत येऊन पोहोचला होता.

बर्लिनची गोष्ट व्हिएन्नापासूनच सांगावी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नातील वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांची कीर्ती चांगली नव्हती. बँका आणि मोठ्या कंपन्या वृत्तपत्रांना ठरावीक ठोक रक्कम देत असत. तिला तेथे ‘पाउशालियन’ म्हणत. ती रक्कम उघड जाहिरातीची नसे. कौतुकासाठी ती दिली जाई आणि कित्येकदा केवळ मौनासाठीही. आपल्याकडे पत्रकारितेत ज्याला ‘पाकीट’ म्हणतात, त्याचीच ही नियमित हप्त्याने चालणारी आवृत्ती होती. नव्या कर्जरोख्यांची विक्री असो वा एखाद्या कारखान्याचे समभागांत रूपांतर, वाचकाला त्याविषयी जे वाचायला मिळे ते कोणाच्या पैशाने लिहिले आहे हे त्याला कळण्याची सोय नव्हती.

अशा शहरात वाल्टर फेडर्न यांनी १९०८ मध्ये ‘डेर ओस्टरराइखिशे फोल्क्सविर्ट’ हे साप्ताहिक काढले. फेडर्न हे व्हिएन्नातील एका डॉक्टरच्या घरातले. त्यांचे बंधू पॉल फेडर्न पुढे मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचे निकटचे सहकारी म्हणून ओळखले गेले. साप्ताहिकाचा नमुना म्हणून त्यांच्यासमोर लंडनचे ‘द इकॉनॉमिस्ट’ होते. दैनिकाने बातमी द्यावी आणि साप्ताहिकाने आठवडाभर थांबून तिचा अर्थ लावावा, अशी ती वाटणी होती. पण फेडर्न यांच्या साप्ताहिकाची खरी ओळख ठरली ती त्याची ‘डी बिलान्त्सन’, म्हणजे ‘ताळेबंद’, या नावाची पुरवणी. कंपन्या आणि बँका यांनी प्रसिद्ध केलेले वार्षिक ताळेबंद तीत मांडून तपासले जात. हा मजकूर रुक्ष असे. परंतु ‘पाकीट’ घेणाऱ्या पत्राला नेमके हेच काम जमण्यासारखे नव्हते, कारण आकड्यांची चिकित्सा एकदा सुरू केली की कोणाचा ताळेबंद तपासायचा आणि कोणाचा सोडून द्यायचा हे वाचकाच्या लगेच लक्षात येते.

श्टोल्पर यांचा जन्म व्हिएन्नातच १८८८ मध्ये झाला होता. पहिल्या महायुद्धाच्या आधीच ते या साप्ताहिकात आले आणि फेडर्न यांच्याबरोबरीने संपादक झाले. मते एकसारखी असलेल्यांचे हे कार्यालय नव्हते. श्टोल्पर उदारमतवादी होते. साम्राज्य मोडल्यावर उरलेली छोटी ऑस्ट्रिया आर्थिकदृष्ट्या एकटी उभी राहू शकणार नाही, तिने लोकशाही जर्मनीशी एक व्हावे, अशी त्यांची त्या काळातली ठाम भूमिका होती आणि १९२१ मध्ये त्यांनी ती पुस्तकरूपानेही मांडली. १९२४ मध्ये संपादकवर्गात आलेले कार्ल पोलान्यी समाजवादी होते आणि आंतरराष्ट्रीय घडामोडी सांभाळत. व्यवस्थापनशास्त्रात पुढे नाव काढलेले पीटर ड्रकर यांनी कोवळ्या वयात या साप्ताहिकाच्या संपादकीय बैठकीला गेल्याची आणि नंतर पोलान्यींच्या घरी बटाट्यांवर उरकलेल्या नाताळच्या जेवणाची आठवण रंगवून सांगितली आहे. पोलान्यींच्या कन्येने ती हकीकत खरी मानली नाही, त्यामुळे येथे तिच्यावर काही रचणे बरे नव्हे. एवढे मात्र खरे, की या साप्ताहिकाभोवती अशा दंतकथा तयार व्हाव्यात इतके वजन त्याला शहरात होते.

१९२५ मध्ये श्टोल्पर बर्लिनला गेले. प्रथम त्यांनी ‘बर्लिनर ब्योर्झन-कुरिअर’ या दैनिकात काम केले आणि पुढच्या वर्षी स्वतःचे साप्ताहिक काढले. मथळ्यातले ‘ओस्टरराइखिशे’ जाऊन ‘डॉइचे’ आले, इतके हे व्हिएन्नाच्या प्रयोगाचे सरळ पुनर्रोपण होते. जागा बदलली तरी वेळ अचूक साधली होती आणि ती का अचूक होती हे समजण्यासाठी त्या वेळच्या जर्मन ताळेबंदाकडे जरा जवळून पाहावे लागते.

नोव्हेंबर १९२३ मध्ये महागाईच्या कडेलोटाच्या वेळी एका अमेरिकी डॉलरला ४ लाख २० हजार कोटी कागदी मार्क मोजावे लागत होते. त्यानंतर रेंटनमार्क आला. एका रेंटनमार्कला एक लाख कोटी कागदी मार्क असा विनिमयदर ठरला. १९२४ मध्ये राइख्समार्क हे कायमचे चलन झाले. चलन असे बदलल्यावर जुन्या ताळेबंदांतील एकही आकडा वाचण्याजोगा राहिला नाही. डिसेंबर १९२३ च्या वटहुकुमाने कंपन्यांना आपली सगळी मालमत्ता, देणी आणि भागभांडवल सुवर्णमार्कांत नव्याने मांडावे लागले. जर्मनीतल्या प्रत्येक भागभांडवली कंपनीचे वय हिशेबाच्या दृष्टीने १९२६ मध्ये जेमतेम दोन-तीन वर्षांचे होते. कारखाना पन्नास वर्षांचा, धुरांडे आजोबांच्या काळातले, पण तुलनेसाठी हाताशी असलेले ताळेबंद दोनच. भागधारकाच्या हातातील जुन्या शेअरला नव्या भांडवलात किती मूल्य मिळाले आणि ते तसे का, हे समजावून सांगणारा कोणीतरी हवा होता.

त्यातच एक जुनी जर्मन प्रथा होती. सावध कंपन्या यंत्रे, हत्यारे, फर्निचर, कधी घोडागाड्यासुद्धा, घसारा लावत लावत अखेर एका मार्कावर आणून ठेवत. ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला ‘यंत्रसामग्री : १ मार्क’ असे छापलेले असे. वस्तू अस्तित्वात आहे याची केवळ आठवण म्हणून ठेवलेले हे मूल्य. वरवर पाहता हा विनय वाटतो. हिशेब कळणाऱ्याला मात्र त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, कंपनीने पूर्वीच्या वर्षांत नफा कमी दाखवून गुप्त गंगाजळी साठवली आहे. दुसरी, वाईट वर्ष आले की व्यवस्थापन याच गंगाजळीतून गुपचूप उपसा करून लाभांश स्थिर ठेवील आणि भागधारकाला घसरणीचा पत्ता लागणार नाही. एका मार्काच्या त्या ओळीमागे किती दडले आहे याचा अंदाज बांधायचा, तर शेजारच्या ओळी वाचाव्या लागतात : कच्च्या मालाचा साठा फुगला आहे का, येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढली आहेत का, बँकेचे अल्पमुदतीचे कर्ज कायमच्या यंत्रांत अडकले आहे का. दैनिकाच्या बाजारभावाच्या रकान्यात यासाठी जागा नसते आणि विद्यापीठीय त्रैमासिक येईपर्यंत शेअर विकण्याची वेळ निघून गेलेली असते. मधली ही जागा साप्ताहिकाची होती. चलन नव्याने उभे करणाऱ्या देशात ती जागा किती मोठी आहे हे श्टोल्पर यांनी ओळखले, हा माझ्या मते त्यांचा सर्वांत पक्का व्यावसायिक निर्णय होता.

कार्यालयाची रचना कौटुंबिक म्हणावी अशी होती. श्टोल्पर यांच्या पत्नी टोनी याही मूळच्या व्हिएन्नाच्या, अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या आणि लेखन-संपादनात बरोबरीने काम करणाऱ्या होत्या. पतीचे तपशीलवार चरित्र पुढे त्यांनीच लिहिले. त्यांच्या घरी राजकारणी, बँकर, प्राध्यापक यांचा राबता असे. लेखकांमध्ये सर्वांत वजनदार नाव अर्थशास्त्रज्ञ योझेफ शुम्पेटर यांचे होते. शुम्पेटर १९१९ मध्ये काही महिने ऑस्ट्रियाचे अर्थमंत्री होते, त्यानंतर व्हिएन्नाच्या बीडरमान बँकेचे अध्यक्ष झाले आणि १९२४ मध्ये तेथून बाहेर पडताना डोक्यावर मोठे कर्ज घेऊन बाहेर पडले. १९२५ पासून ते बॉन येथे प्राध्यापक होते आणि कर्ज फेडण्यासाठी लेख आणि व्याख्याने यांचा मारा करत होते. कर, वेतन, उद्योजकाचे कार्य अशा विषयांवर त्यांनी ‘फोल्क्सविर्ट’मध्ये लिहिले. एका बुडीत व्यवहाराची भरपाई म्हणून लिहिलेले लेख एका साप्ताहिकाची प्रतिष्ठा वाढवतात, यात गंमत आहे. पण मजकुराच्या कसदारपणाशी लेखकाच्या गरजेचा संबंध फारसा नसतो.

येथवरची बाजू जमेची. नावेची दुसरी बाजू म्हणजे श्टोल्पर केवळ संपादक राहिले नाहीत. ते जर्मन डेमोक्रॅटिक पक्षाचे आर्थिक विषयांतील प्रमुख प्रवक्ते बनले. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळण्याच्या थोडे आधी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, मानहाइम येथील पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी लोकशाहीची आर्थिक-सामाजिक भूमिका मांडणारे मुख्य भाषण केले. त्याच वर्षी सार्वजनिक वित्ताच्या सुधारणेची योजनाही प्रसिद्ध केली. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत, पक्षाचे नाव एव्हाना जर्मन स्टेट पार्टी झाले असताना, ते राइखस्टागवर निवडून गेले आणि १९३२ पर्यंत खासदार राहिले. याच निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या.

संपादकाने खासदार व्हावे का, यावर दोन मते असू शकतात. त्या काळच्या जर्मन आणि मराठी पत्रकारितेतही संपादक हाच पुढारी असणे अस्वाभाविक मानले जात नव्हते. टिळकांच्या महाराष्ट्राला हे सांगायला नको. परंतु ताळेबंद तपासणाऱ्या पत्राची अडचण वेगळी असते. त्याचे वर्गणीदार सर्व पक्षांत असतात आणि आकड्यांवरील टीकेमागे पक्षहित नाही, हीच त्याची मुख्य मालमत्ता असते. श्टोल्पर यांनी आपली भूमिका कधी लपवली नाही, त्यामुळे वाचकाची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. तरीही साप्ताहिक, त्याची मते, त्याचा पक्ष आणि त्याचा मालक या चारही गोष्टी एकाच माणसाच्या नावाशी जोडल्या गेल्या. १९२६ मध्ये हे साप्ताहिकाचे बळ होते, कारण कोणत्याही बँकेच्या हाती त्याची दोरी नव्हती. १९३३ मध्ये तीच गोष्ट उलटली.

तत्पूर्वी १९३१ च्या उन्हाळ्याने या प्रकारच्या पत्रकारितेची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवल्या. ११ मे १९३१ रोजी व्हिएन्नाच्या क्रेडिटान्श्टाल्ट बँकेने १४ कोटी शिलिंगांचा तोटा जाहीर केला. ऑस्ट्रियातील उद्योगांचा फार मोठा भाग या एका बँकेशी बांधलेला होता आणि दीड वर्षापूर्वीच तिने सरकारी दबावाखाली बोडनक्रेडिटान्श्टाल्ट ही खिळखिळी बँक पोटात घेतली होती. फेडर्न यांनी या पतनाचे जे विश्लेषण १९३२ मध्ये लिहिले ते आजही अभ्यासक वाचतात. तिकडे जर्मनीत ब्रेमनची ‘नॉर्डवोले’ ही लोकर-कंपनी कोसळली. तिने आपले तोटे ‘उल्ट्रामारे’ नावाच्या हॉलंडमधील उपकंपनीत दडवले होते. तिला मोठी कर्जे देणारी डानाट बँक १३ जुलै १९३१ रोजी दारे उघडू शकली नाही आणि पुढचे दोन दिवस देशातल्या सर्व बँका बंद ठेवाव्या लागल्या.

एका मार्काची ओळ कितीही कौशल्याने वाचली, तरी उपकंपनीत दडवलेला तोटा छापील ताळेबंदात सापडत नाही. छापलेल्या कागदावर विसंबणाऱ्या विश्लेषकाला ही मर्यादा कायमच असते. सरकारनेही ती अप्रत्यक्षपणे मान्य केली : सप्टेंबर १९३१ च्या आणीबाणीच्या वटहुकुमाने भागभांडवली कंपन्यांना स्वतंत्र लेखापरीक्षण सक्तीचे केले, ताळेबंदाची मांडणी अधिक तपशीलवार करायला लावली आणि बँकांवर देखरेख आणली. साप्ताहिके जे काम वर्षानुवर्षे बाहेरून करत होती, त्याचा काही भाग आता कायद्याने आतून करायचा होता.

हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सलर झाला. श्टोल्पर ज्यू वंशाचे, नाझींविरोधी पक्षाचे माजी खासदार आणि प्रभावी पत्राचे चालक. यांतले कोणतेही एक कारण पुरेसे होते. त्याच वर्षी त्यांनी साप्ताहिक विकले आणि कुटुंबासह न्यूयॉर्क गाठले. ४ ऑक्टोबर १९३३ चा संपादकविषयक कायदा त्यानंतर आला. त्याने संपादकाला राज्याला बांधील ठरवले आणि ज्यू वंशाच्या व्यक्तींना या व्यवसायातून बाहेर काढले. म्हणजे श्टोल्पर थांबले असते तरी काही महिन्यांत त्यांच्या हातून लेखणी कायदेशीरपणे काढून घेतली गेली असती. अशा स्थितीतल्या विक्रीला विक्री म्हणायचे ते केवळ कागदावर रक्कम लिहिली गेली म्हणून. विकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नसेल, तर किंमत किती मिळाली हा प्रश्न दुय्यम होतो.

हस्तांतरित झाले ते नाव, वर्गणीदारांची यादी, छपाईचे करार आणि सात वर्षांचे जुने अंक. एखादे सामान्य पत्र एवढ्यावर चालू शकते. येथे मात्र वाचक ज्यासाठी पैसे मोजत होता ती वस्तू, म्हणजे कोणाच्याही दबावाखाली नसलेला ताळेबंदाचा वाचक, नव्या मालकाला मिळूच शकत नव्हती, कारण देशात आता तसा वाचक असण्यालाच परवानगी नव्हती. साप्ताहिक पुढे निघत राहिले आणि नाझी काळातील अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकांना त्याचे अंक साधन म्हणून उपयोगीही पडतात. पण साधन म्हणून उपयोगी असणे आणि पत असणे या निराळ्या गोष्टी आहेत.

व्हिएन्नात घसरण अधिक संथ होती. मार्च १९३३ मध्ये चॅन्सलर डोलफुस यांनी संसद बाजूला सारली. समाजवादी म्हणून ओळखले जाणारे पोलान्यी संपादकवर्गात राहणे साप्ताहिकाला धोक्याचे झाले आणि ते लंडनला गेले. तेथून ते लेख पाठवत राहिले. फेडर्न यांनी आणखी पाच वर्षे पत्र रेटले. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीला जोडली आणि तेही संपले. फेडर्न यांनाही देश सोडावा लागला. ऑस्ट्रियाने जर्मनीशी एक व्हावे असे श्टोल्पर यांनी १९२१ मध्ये ज्या जर्मनीकडे पाहून लिहिले होते ती जर्मनी एव्हाना उरली नव्हती, आणि ते एकीकरण प्रत्यक्षात आले तेव्हा त्यात त्यांचे व्हिएन्नातले जुने पत्रही गाडले गेले.

न्यूयॉर्कमध्ये श्टोल्पर यांनी आर्थिक सल्लागार म्हणून काम केले. १८७० पासूनच्या जर्मन अर्थव्यवस्थेचा त्यांनी लिहिलेला इतिहास १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. १९४७ च्या आरंभी अमेरिकेचे माजी अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर जर्मनी आणि ऑस्ट्रियातील अन्नस्थितीची पाहणी करण्यासाठी गेले तेव्हा श्टोल्पर त्यांच्याबरोबर होते. पराभूत जर्मनीचे कारखाने मोडून तिला शेतीप्रधान देश करता येईल ही कल्पना भ्रामक आहे, असे हूव्हर यांनी त्या वर्षीच्या मार्चमधील अहवालात स्पष्ट सांगितले. त्याच डिसेंबरमध्ये श्टोल्पर न्यूयॉर्कला वारले. त्यांचे बर्लिनमधील स्नेही थेओडोर हॉइस १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढील आयुष्यात त्यांनी टोनी श्टोल्पर यांना लिहिलेली रोजनिशीवजा पत्रे त्या काळाचा महत्त्वाचा दस्तऐवज मानली जातात. श्टोल्पर यांचा मुलगा वोल्फगांग हा शुम्पेटर यांच्यामागोमाग हार्वर्डला गेला. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अभ्यासक्रमात आपल्याकडील विद्यार्थी ज्या ‘स्टॉल्पर-सॅम्युएल्सन’ प्रमेयाशी झुंजतात, त्यातले पहिले नाव याच मुलाचे. ते प्रमेय १९४१ सालचे आहे.

साप्ताहिक १९४९ मध्ये फ्रांकफुर्टहून पुन्हा निघाले. मथळ्यातून ‘डॉइचे’ गेले आणि केवळ ‘डेर फोल्क्सविर्ट’ उरले. नवे डॉइच मार्क जूनमध्ये वर्षाचे होत होते. म्हणजे पुन्हा एकदा सगळ्या कंपन्यांचे ताळेबंद नव्याने मांडले जात होते आणि १९२६ सारखीच गरज पुन्हा निर्माण झाली होती. १९७० मध्ये नाव ‘विर्टशाफ्ट्सवोखे’, म्हणजे ‘अर्थ-सप्ताह’, असे झाले. पुढे ते ड्युसेलडॉर्फच्या हांडेल्सब्लाट समूहाकडे गेले आणि आज तेथूनच प्रसिद्ध होते. व्हिएन्नाचे पत्रही युद्धानंतर पुन्हा सुरू झाले होते, पण त्याला पूर्वीचे वजन परत मिळाले नाही.

वयाच्या हिशेबातली एक ओळ मात्र ताळेबंदासारखीच वाचावी लागते. ‘विर्टशाफ्ट्सवोखे’ आपले वय १९२६ पासून मोजते आणि संस्थापक म्हणून श्टोल्पर यांचे नाव अभिमानाने घेते. त्या वयात ज्या अंकांवर श्टोल्पर यांना नाव लावण्याची मनाई होती ती वर्षेही जमा धरलेली आहेत.